हाली आणि कलदार : निजामाचे हैदराबाद आणि दिल्लीची तेरा महिन्यांची आर्थिक लढाई

१९४७ साली लातूरच्या आडतीवर भुईमूग विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात पडणारा रुपया आणि बार्शीच्या बाजारात चालणारा रुपया एक नव्हता. लातूर निजामाच्या राज्यात होते आणि बार्शी मुंबई प्रांतात. लातूरचा रुपया हाली, बार्शीचा कलदार. शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजावे लागत. हिशेब सोपा करून सांगायचा तर सात हालीला सहा कलदार. कलदारवर इंग्लंडच्या राजाचा मुखवटा असे. हालीवर चारमिनार आणि त्याच्या मधल्या कमानीत ‘ऐन’ हे एकच अक्षर असे. हे मीर उस्मान अली खान यांच्या नावाचे आद्याक्षर. हैदराबादच्या सैफाबाद टांकसाळीत हे नाणे पडे.

लातूरचा माल बाहेर जायचा तो बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून, बार्शीमार्गे कुर्डुवाडीला. वाटेत सरहद्द लागे आणि सरहद्दीवर करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. कंपनी सरकारशी १८०२ मध्ये झालेल्या व्यापारी तहात तिचा दर पाच टक्के ठरला होता. इंग्रज हिंदुस्थानातून निघून गेले, दिल्लीत तिरंगा चढला, तरी हा नाका, हे नाणे आणि हा तराजू जिथल्या तिथेच राहिला. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत भारत सरकार आणि निजाम सरकार यांच्यात जी झुंज झाली, तिच्यातला शेवटचा पाच दिवसांचा लष्करी भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याआधीचे वर्ष पैसा, मीठ, पेट्रोल, रोखे आणि जकात यांच्या लढाईत गेले. ते वर्ष नीट पाहिले तर एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : राज्याचा पैसा कोणाचा, प्रजेचा की राजाचा? माझ्या मते साऱ्या संघर्षाची गाठ तिथेच आहे.

आधी हे राज्य किती मोठे होते ते पाहू. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैलांहून अधिक, १९४१ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख, वार्षिक महसूल २६ कोटी रुपये. सोळा जिल्हे : आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे आपले पाच. स्वतःची रेल्वे, स्वतःचे टपाल, स्वतःचे सैन्य, स्वतःच्या नोटा आणि १९४१ च्या कायद्याने उभी राहिलेली हैदराबाद स्टेट बँक. सिंगारेणीच्या खाणींतल्या कोळशावर दक्षिणेतल्या गाड्या धावत. बोधनला साखर, सिरपूरला कागद, वरंगळ आणि औरंगाबादला कापडाच्या गिरण्या. १९१८ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ सारे उच्च शिक्षण उर्दूतून देत होते. इतर संस्थानांच्या तुलनेत कारभाराची घडी चांगली बसलेली होती, हे मान्य करायला हवे. रेल्वेने १९३२ मध्ये सुरू केलेली प्रवासी बससेवा तर देशातल्या सरकारी बससेवांच्या आरंभीची म्हणून ओळखली जाते.

पण हे सगळे चालवण्यात प्रजेचा शब्द कुठेच नव्हता. निजामाचे फर्मान निघाले की तो कायदा. सार्वजनिक सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. म्हणून मराठी, तेलुगू आणि कानडी माणसांनी आपापल्या परिषदा साहित्य, शिक्षण आणि समाजसुधारणा यांच्या नावाने भरवल्या. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झाले. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेस काढायचे ठरले, तेव्हा संस्था जन्माला येण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ती १९४६ पर्यंत टिकली. नंतर विधिमंडळाच्या सुधारणा आल्या, पण त्यांत हिंदू आणि मुस्लिम सभासदांची संख्या समान ठेवलेली होती. लोकसंख्येत मुसलमान साधारण आठात एक होते.

जमिनीचा हिशेब याहून बोलका आहे. राज्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याला ‘सर्फ-ए-खास’ म्हणत. तिथला महसूल थेट निजामाच्या खासगीत जमा होई. आणखी सुमारे एक तृतीयांश मुलूख जहागीरदारांकडे होता, त्यांच्यातल्या कित्येकांची पोलीस आणि न्यायाची सोयही निराळी. उरलेला दिवाणी मुलूख काय तो सरकारच्या खजिन्यात भर घाली. २२ फेब्रुवारी १९३७ च्या अंकात ‘टाइम’ साप्ताहिकाने निजामाला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले. त्या संपत्तीकडे पाहताना सर्फ-ए-खासची रयत डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे.

दुसऱ्या बाजूचा भारत तरी तेव्हा पुरता लोकशाही होता का, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. राज्यघटना लिहून व्हायची होती, प्रौढ मतदान व्हायचे होते, घटनासभा प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेली आणि त्या विधिमंडळांचा मताधिकार मर्यादित होता. तरीही मंत्र्यांना सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागे, वर्तमानपत्रे टीका करीत, आणि प्रत्येक माणसाला मत मिळणार हे ठरून गेलेले होते. हैदराबादेत यातले काहीच ठरलेले नव्हते.

जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढले : इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांनी ७ ऑगस्ट हा भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला आणि १५ ऑगस्टला त्यांना अटक झाली. दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात बोलणी सुरू होती. निजामाच्या बाजूने छतारीचे नवाब आणि इंग्रज कायदेपंडित वॉल्टर मॉन्क्टन होते. २७ ऑक्टोबरच्या पहाटे ही मंडळी मसुदा घेऊन दिल्लीला निघणार, तोच इत्तेहाद-उल-मुस्लिमीन या मुस्लिम संघटनेच्या जमावाने त्यांच्या घरांना गराडा घातला आणि त्यांचे जाणे रोखले. इत्तेहादचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. जिथला भुईमूग बार्शीला जायचा त्याच गावातून या राज्याच्या शेवटच्या वर्षाचा खरा सूत्रधार निघाला. निजामाने शिष्टमंडळ बदलले आणि अखेर २९ नोव्हेंबर १९४७ ला एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. इंग्रजांच्या काळात जी व्यवस्था होती तीच वर्षभर चालेल, एवढाच त्याचा अर्थ. दिल्लीचे हात काश्मीरमध्ये गुंतलेले होते, निजामाला बाहेरून मदत जमवायची होती. दोघांनाही वेळ हवा होता.

त्याच सुमाराला मीर लायक अली हैदराबादचे पंतप्रधान झाले. ते मूळचे इंजिनिअर आणि उद्योगपती. पैसा कसा हलतो हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि पहिल्या चाली पैशाच्याच झाल्या.

करारावरची शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने सोन्याचांदीची हैदराबादमधून भारतात निर्यात रोखली. दुसऱ्याने भारतीय रुपया हैदराबादमध्ये कायदेशीर चलन राहणार नाही असे ठरवले. कोणाला वाटेल, आपल्या राज्यात कोणते नाणे चालावे हे ठरवायचा हक्क कोणत्याही सरकारला आहे. हैदराबादचे म्हणणेही तेच होते. पण इंग्रजांच्या काळात सरहद्दीच्या बाजारांत आणि सिकंदराबादच्या छावणीत कलदार बिनदिक्कत चालत होता. तो थांबवणे म्हणजे ‘जैसे थे’ मोडणेच, असे दिल्लीने म्हटले. रोजच्या व्यवहारात याचा फटका व्यापाऱ्याला बसला. बार्शीच्या पेढीवरून आलेले पैसे आधी बदलून घ्या, बदलताना बट्टा द्या, आणि सोने पाठवून देणी भागवायची वाट तर बंदच.

तिसरी चाल सर्वांत मोठी होती. हैदराबादने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले, आणि तेही रोख न देता भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने. हा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. सरकार लोकांकडून आणि संस्थानांकडून पैसे उसने घेते तेव्हा त्याबदल्यात रोखे देते. रोखा धरणाऱ्याला व्याज मिळते आणि हवे तेव्हा तो बाजारात विकता येतो. हैदराबादने वर्षानुवर्षे आपली शिल्लक अशा रोख्यांत गुंतवली होती. आता तेच कागद कराचीच्या हाती गेले. पाकिस्तानने ते मुंबईच्या बाजारात विकायला काढले असते तर भारतीय रोख्यांचे भाव कोसळले असते, आणि भारताच्याच बाजारातला पैसा काश्मीरमध्ये भारताशी लढणाऱ्या देशाच्या तिजोरीत पडला असता. फाळणीच्या वाटणीतले ५५ कोटी रुपये पाकिस्तानला द्यायचे की नाही यावरून दिल्लीत वादळ उठले, गांधीजींच्या उपोषणाच्या काळात, जानेवारी १९४८ मध्ये, ते देण्याचा निर्णय झाला. त्याच दिवसांत हा २० कोटींचा प्रकार उघडकीला आला. पाकिस्तानचे अर्थमंत्री गुलाम महंमद हे आधी निजामाचे अर्थमंत्री होते, म्हणजे हैदराबादच्या खजिन्यात कोणते कागद कुठे आहेत हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. भारताने कडक हरकत घेतल्यावर ‘जैसे थे’ कराराच्या मुदतीत रोखे वटवणार नाही असे मान्य करण्यात आले.

२० कोटी आणि २६ कोटी हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. राज्याच्या साऱ्या वर्षाच्या महसुलाचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग परदेशाला उसना दिला गेला. परभणीच्या कापूस उत्पादकाला, नलगोंड्याच्या कुळाला, रायचूरच्या तेलाच्या घाणीवाल्याला कोणी विचारले नाही. विचारण्याची जागाच राज्यात नव्हती. जो प्रदेश चहूबाजूंनी भारताने वेढलेला आहे, ज्याची साठवलेली शिल्लक भारत सरकारच्याच रोख्यांत आहे, त्याने ते रोखे भारताच्या विरोधात वापरावेत, हा निर्णय एखाद्या निवडून आलेल्या सभागृहात टिकला असता असे मला वाटत नाही. तिथे निदान एकाने तरी उठून विचारले असते की उद्या दिल्लीने व्याज थांबवले तर हालीच्या पाठीशी काय उरेल?

दिल्लीचा प्रतिडाव भूगोलात होता. हैदराबादला समुद्र नाही. गोव्याचे मुरगाव बंदर वापरायला मिळावे म्हणून पोर्तुगिजांकडे खटपट झाली, पण तिथवर जायचे तरी भारताचा मुलूख ओलांडूनच. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडमार्गे काचीगुड्याला जाणारी मीटर गेज लाइन असो, वाडीहून हैदराबादला जाणारा फाटा असो की बेजवाड्याकडची वाट असो, प्रत्येक रुळाचे दुसरे टोक भारतात. मीठ मुंबईकडून यायचे. पेट्रोल, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, पाणी शुद्ध करायचे क्लोरिन, सगळे बाहेरून. १९४८ च्या उन्हाळ्यात हा पुरवठा आटू लागला. भारत सरकारचे अधिकृत म्हणणे असे की बंदी फक्त शस्त्रास्त्रांवर आणि लष्करी उपयोगाच्या मालावर आहे. हैदराबादचे म्हणणे असे की मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतातले अधिकारी मीठ आणि औषधेसुद्धा अडवतात. ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेलेल्या तक्रारीत या कोंडीचा समावेश होता.

या कोंडीबद्दल लिहिताना आपल्याकडे घाई होते. शत्रूची रसद तोडली, बरे केले, असे म्हणून पुढे जातात. मला ते पटत नाही. नाकेबंदी कधीही राजवाड्यापासून सुरू होत नाही. मीठ महागले तर निजामाच्या किंग कोठीत कोणाची भाजी अळणी होत नाही, ती होते हिंगोलीच्या शेतमजुराची. क्लोरिन संपले तर पटकीचे भय दाट वस्तीत आधी पोचते. ज्यांना मुक्त करायचे त्यांच्याच ताटावर दाब द्यायचा, ही लोकशाही सरकारची खरी अडचण असते. हुकूमशाहीला ती जाणवत नाही, कारण तिला त्या ताटाचे उत्तर द्यायचे नसते. दिल्लीने आपली कोंडी उघडपणे कधी मान्य केली नाही. मान्य केली असती आणि मीठ व औषधे जाहीरपणे वगळली असती, तर भारताची बाजू अधिक स्वच्छ राहिली असती.

त्याच उन्हाळ्यात अगदी अशीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला चालली होती. जून १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीत नवे मार्क चलन आले आणि लगोलग २४ जूनपासून सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रूळ बंद केले. तिथेही वेढलेले बेट, तिथेही दोन चलनांचा झगडा, पण कोंडी करणारी सत्ता हुकूमशाही होती. बर्लिनला विमानांनी कोळसा आणि पीठ पोचवले आणि मे १९४९ मध्ये कोंडी उठली. हैदराबादलाही विमाने आली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक लँकॅस्ट्रियन जातीची विमाने घेऊन कराचीहून रात्रीच्या अंधारात भारतावरून उडत येई आणि बिदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरे. त्याच्या विमानांत प्रामुख्याने बंदुका आणि दारूगोळा होता. मीठ आणि औषध नाही म्हणून जगापुढे दाद मागणाऱ्या सरकारने परदेशातली आपली शिल्लक शस्त्रांवर खर्च केली. संकटात खजिना कशासाठी आधी उघडतो, यावरून तो कोणाचा हे कळते.

बाहेरून दिल्लीचा दाब येत होता, तेव्हा आतून रयतेने निजामाच्या उत्पन्नालाच हात घातला. स्वामी रामानंद तीर्थ यांना करारानंतर सोडून जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा पकडले होते. स्टेट काँग्रेसचे दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी राज्याबाहेरून चळवळ चालवत होते. सोलापूर, बार्शी, नगर, मनमाड, उमरखेड अशा सरहद्दीवरच्या गावांत कॅम्प उघडले. तिथले तरुण रात्री आत शिरत आणि दोन गोष्टी नेमाने करीत : करोडगिरीचे नाके जाळत आणि शिंदीची झाडे तोडत.

शिंदी का तोडायची? कारण तिच्यात पैसा होता. ताडी आणि दारूवरची आबकारी हा निजामाच्या महसुलातला फार मोठा वाटा. दरसाल लिलाव व्हायचे, मक्तेदार बोली लावून गावोगावची झाडे घ्यायचे. झाडावर आकडा टाकलेला असे. म्हणजे आकड्याचे एक झाड पडले की सरकारी वहीतली तेवढी रक्कम गेली. कुऱ्हाडीखेरीज दुसरे हत्यार लागत नव्हते आणि गावातला कोणीही पोरगा ते काम करू शकत होता. नाका जळला की त्या वाटेची जकात बुडे आणि मालाच्या गाड्या मोकळ्या सुटत. करवसुली करणारा तालुकदार पोलिसांशिवाय गावात जाईनासा झाला. तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९४६ पासूनच देशमुखांच्या गढ्या हादरवल्या होत्या. लेव्हीचे धान्य, शेतसारा, आबकारी, करोडगिरी, चारही बाजूंनी गळती लागली. सरकारचा खर्च मात्र सैन्यावर आणि शस्त्रांवर वाढतच होता.

३० जानेवारी १९४८ ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर सशस्त्र तरुणांनी छापा घातला. सुमारे २० लाख रुपये चळवळीच्या हाती आले. अशा प्रसंगात पैसा कसा पाझरतो हे सांगायला नको. पण या रकमेचा हिशेब ठेवला गेला. त्यावर कॅम्प चालले, शस्त्रे आली, आश्रितांना अन्न मिळाले, आणि विलीनीकरणानंतर तो हिशेब पुढाऱ्यांनी सादर केला. लुटीच्या पैशाचासुद्धा हिशेब द्यायचा असतो असे मानणाऱ्या त्या तरुणांबद्दल मला फार आदर वाटतो.

निजाम सरकारकडे याला राजकीय उत्तर नव्हते, म्हणून इत्तेहादचे सशस्त्र स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, पुढे आले. गावे जाळणे, लूट, खंडणी, खून यांनी १९४८ चा उन्हाळा भरून गेला. २२ मे ला गुलबर्ग्याजवळ गंगापूर स्टेशनवर मद्रास-मुंबई मेलवर हल्ला झाला तेव्हा देशभर संताप उसळला. बिदरजवळच्या गोर्ट्याला त्याच महिन्यात हत्याकांड झाले. हजारो कुटुंबे सोलापूर आणि बार्शीकडे निघून गेली. व्यापारी गेले म्हणजे पतही गेली. आडत बंद, उधारी बंद, पेरणीला बी-बियाणे देणारा सावकारही गायब. रझाकारांनी निजामाच्या राज्याचे जे आर्थिक नुकसान केले, तेवढे दिल्लीच्या कोंडीनेही केले नसेल.

हा झगडा हिंदू विरुद्ध मुसलमान असा रंगवणाऱ्यांनी शोएबुल्ला खान यांचे नाव लक्षात ठेवावे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक. हैदराबादने भारतात सामील व्हावे आणि जबाबदार राज्यपद्धती आणावी, असे ते उर्दूत, हैदराबादेत बसून, रझाकारांच्या नाकावर टिच्चून लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांना गाठून गोळ्या घातल्या आणि हात तोडले. ज्या राज्यात महसुलाबद्दल, कर्जाबद्दल, शस्त्रखरेदीबद्दल छापील प्रश्न विचारणारा एक माणूस होता, त्याचे हे झाले.

तडजोडीचा शेवटचा मसुदा गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांनी जाण्यापूर्वी जूनमध्ये पुढे केला होता. हैदराबादला बरीच स्वायत्तता, मर्यादित सैन्य, रझाकार टप्प्याटप्प्याने बरखास्त. वल्लभभाई पटेलांना तो अति उदार वाटत होता, तरी त्यांनी मान्यता दिली. निजामाने तो नाकारला. १३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून भारतीय सैन्य नळदुर्गच्या वाटेने आत शिरले, दुसऱ्या तुकड्या औरंगाबादकडून आणि बेजवाड्याकडून. १७ तारखेला संध्याकाळी निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. सुरक्षा समितीत हैदराबादची तक्रार १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये पटलावर आली होती. आठवडाभरात निजामाने ती मागे घेत असल्याचे कळवले.

या लष्करी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, जे घडले ते मराठवाड्यात फार कमी बोलले जाते. रझाकारांचा सूड साध्या मुसलमान रयतेवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती पंतप्रधान नेहरूंनी पाठवली. अगदी कमीत कमी धरले तरी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक होरपळलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल सरकारने दाबून ठेवला आणि तो २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना खुला झाला. जबाबदार राज्यपद्धतीच्या नावाने ही लढाई झाली असेल तर हा अहवाल १९४९ मध्येच सभागृहापुढे यायला हवा होता. शोएबुल्ला खान यांच्या राज्यात जे विचारता येत नव्हते, तेच इथेही साठ वर्षे विचारता आले नाही.

आर्थिक बदल मात्र झपाट्याने झाले. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाले आणि निजामाला सालाना तनखा बांधून दिला. ऑगस्टमध्ये जहागिरी गेल्या. १९५० मध्ये कुळकायदा आला. करोडगिरीचे नाके उठले. हाली आणि कलदार काही वर्षे बरोबरीने चालले, जुनाच सात-सहाचा दर धरून. नवी हाली काढणे १९५१ मध्ये थांबले आणि ती चलनातून पूर्ण बाद झाली १९५९ मध्ये. १९५१-५२ च्या निवडणुकीत औरंगाबादपासून नलगोंड्यापर्यंत प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मताचा हक्क मिळाला. नलगोंड्याहून लोकसभेवर रवी नारायण रेड्डी निवडून आले, निजामाशी आणि नंतर भारतीय सैन्याशीही लढलेल्या चळवळीचे नेते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला.

पैशाचा एक धागा मात्र लंडनला अडकून राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये, शरणागतीच्या त्याच दिवसांत, हैदराबादचे अर्थ आणि परराष्ट्र खाते सांभाळणाऱ्या मोइन नवाझ जंग यांच्या सूचनेवरून वेस्टमिन्स्टर बँकेतले दहा लाखांहून अधिक पौंड पाकिस्तानचे लंडनमधले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यात गेले. काही दिवसांतच निजामाने कळवले की हे आपल्या संमतीविना झाले, पैसे परत करा. बँकेने कोणालाच दिले नाहीत. पुढे सात दशके भारत, पाकिस्तान आणि निजामाचे वारस यांच्यात वाद चालला. पाकिस्तानने म्हटले, ही रक्कम आम्ही पुरवलेल्या शस्त्रांपोटी होती, म्हणजे हैदराबाद राज्याचा खर्च. वारसांनी म्हटले, आजोबांचा पैसा आहे. भारताने आणि वारसांनी आपसांत समझोता केला. २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळला आणि रक्कम सातव्या निजामासाठी विश्वस्त म्हणून ठेवलेली होती असे ठरवले. तोवर व्याजासकट ती साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती.